एकशे चाळीस घोडे, नव्वद फूट अंगण

गावात एखाद्या घरासमोर दहा माणसं गप उभी दिसली की अकरावा चप्पल बाजूला काढतो आणि हळूच विचारतो, "कोन गेलं जी?" आमच्या अंगणात त्या दिवशी नेमकं तेच झालं. बाजेवर पांढऱ्या धोतराखाली काहीतरी लांबरुंद निजवलेलं, भोवती माणसं, आणि ओट्यावर बाबा कपाळाला हात लावून बसलेले. रस्त्यानं जाणारे एक म्हातारे आत आले. त्यांनी हात जोडले, शेवटचं दर्शन घ्यावं म्हणून धोतराचं टोक उचललं, तर खाली गाडीचं बॉनेट. रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून माझ्या धाकट्या भावानं ते बाजेवर ठेवून बाबांच्याच धोतरानं झाकलं होतं. म्हाताऱ्यांनी धोतर पुन्हा नीट केलं, "असू द्या, लय सेवा केली तिनं" म्हणाले आणि बसले. चहा होईपर्यंत उठले नाहीत.

आसगाव आमचं पवनी तालुक्यातलं, चौरासातलं. धानाचा मुलूख. कन्हार माती अशी की पावसात पाय धरला तर चप्पल तिथंच ठेवून घरी यायचं आणि उन्हाळ्यात जाऊन घेऊन यायची. इथं गाडी म्हणजे ट्रॅक्टर. बाकी सगळ्या गाड्या पाहुण्या. या गावात गेली वीस-बावीस वर्षं आमच्याकडे टाटा एस्टेट आहे.

तरुण वाचकांना ही गाडी ठाऊक नसेल. पुण्याच्या टेल्कोनं ती १९९२ मध्ये काढली. १९८८ च्या टाटामोबाइल पिकअपचीच हाडं, वरून स्टेशन वॅगनचं लांब अंग. इंजिन १९४८ सीसीचं डिझेल, ताकद ६८ घोड्यांची. काचा मात्र बटणावर खाली-वर होणाऱ्या, आणि त्या काळात ते बघायला माणसं मुद्दाम काच लावून घ्यायची. तोंडवळा मर्सिडिजसारखा आहे असं लोक म्हणत. टेल्कोचा डायमलर-बेंझशी करार १९५४ चा, तो १९६९ लाच संपला होता. पण जुन्या सोयरिकीचं नाक घराण्यात कुठंतरी उगवतंच. २००० च्या सुमारास ही गाडी बंद झाली. बाबांनी ती त्यानंतर नागपूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली. गावानं पहिल्याच दिवशी तिचं नाव "लांबडी" ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ती मागायला सुरुवात केली.

लांबडीनं काय नाही वाहिलं! बाळंतिणी नेल्या, वराती नेल्या, रोवणीच्या बाया नेल्या. एकदा झाडीपट्टीच्या नाटकाचे पडदे वडसावरून आणले, तेव्हा राजवाड्याचा एक खांब मागच्या दारातून तीन फूट बाहेर होता आणि खांबावर नाटकातला खलनायक बसला होता. आतमध्ये नियमानं माणसं किती बसायची ते कागदावर लिहिलेलं आहे. आम्ही मात्र "अजून एक येते" या मापानं मोजायचो.

अशा गाडीचं इंजिन बदलायचं, हे धाकट्याच्या डोक्यात आलं. तो चाकणला एका कारखान्यात होता, २०२० च्या टाळेबंदीत घरी आला आणि सोबत मोबाइल घेऊन आला. मोबाइलमध्ये एक अमेरिकन गृहस्थ अर्धी चड्डी घालून घरच्या गॅरेजमध्ये जुन्या वॅगनला नवं इंजिन बसवतो. एकूण अठरा मिनिटं, त्यात जाहिराती धरून. मागे गिटार वाजते. गॅरेजची फरशी आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ. त्या अठरा मिनिटांत त्याच्याकडे एकही माणूस येऊन "का करून राहिले भाऊ?" असं विचारत नाही. त्याची आई येऊन "मूग वाळवाचे हायेत, तुझं लोखंड सरकव" म्हणत नाही. यावरूनच मला शंका यायला हवी होती.

"पिक-अप नाही राहिला," धाकटा म्हणाला.

"पिक-अप कायले पायजे?" बाबा म्हणाले. "पवनीले पोचते ना?"

बाबा सेवा सहकारी सोसायटीत गटसचिव होते. त्यांचा विश्वास देवावर आहे, पण देवाची सही कुठं दिसत नसल्यामुळे थोडा कमी. कागदावर पूर्ण आहे. ते एवढंच म्हणाले, "कर काय कराचं ते. फक्त कागद पाहून कर." आम्ही दोघांनी त्यातलं "कर काय कराचं ते" एवढंच ऐकलं.

इंजिन नागपूरच्या भंगारातून आलं. कुठल्याशा अपघातातल्या एसयूव्हीचं, २.२ लिटरचं, कॉमन रेल, टर्बो, १४० घोड्यांचं. कंपनीचं नाव सांगत नाही. पुढं जे झालं त्यात त्या इंजिनाचा काही दोष नव्हता. पिकअपमधून ते बारदान्यात गुंडाळून उतरलं तेव्हा आईनं नवी वस्तू घरात आली म्हणून हळदकुंकू लावलं. नेमकं हवा आत जाते त्या तोंडापाशी. तिथं हवा मोजणारा एक सेन्सर असतो आणि त्याची तार केसापेक्षा बारीक असते, हे आईला कसं माहीत असणार? पुढचे तीन महिने काहीही बिघडलं की मिस्त्री माझ्याकडे बघून कपाळावर बोट टेकवायचा.

मिस्त्री म्हणजे ट्रॅक्टर आणि जीप यांच्यात आयुष्य काढलेला माणूस. वय साठीच्या पुढं, बोटं इंजिन ऑइलच्याच रंगाची. इंजिन चालू करून तो स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला लावतो, मूठ स्वतःच्या कानाला लावतो, आणि डोळे मिटून सांगतो, "तीन नंबरचा नोजल." कधी चुकत नाही. त्यानं नव्या इंजिनालाही तसाच स्क्रूड्रायव्हर लावून बघितला, ते बंद असताना. मग म्हणाला, "हे बोलत नाही."

उतरवण्याच्या कामाला चेनकुप्पी लागते. ती बोअरवेलवाल्याकडून आणली. टांगायची कशाला? दारातल्या कडुनिंबाच्या फांदीला. यावर अंगणात सभा झाली. एक गट म्हणाला फांदी टिकते, एक म्हणाला मोडते, आणि एक तिसरा गट होता तो म्हणाला, "मोडली तं सरपण होते." फांदी मोडली नाही, वाकली. इंजिन जमिनीपासून दीड फूट वर, फांदी इंजिनापासून चार फूट वर, आणि दोघांच्या मध्ये मिस्त्री, अशा अवस्थेत अर्धा तास गेला. शेवटी तीन बल्ल्यांची तिवई करून काम झालं. जुनं इंजिन धानाच्या कोंड्यावर उतरवलं. त्याच्यातून ऑइलचे दोन थेंब पडले आणि बाबा उठून आत गेले.

इंजिन बदलण्यात इंजिन हा सगळ्यात सोपा भाग आहे, हे मला सांगायचं आहे, आणि हे त्या अर्ध्या चड्डीवाल्यानं सांगितलं नव्हतं. नवं इंजिन जागेवर ठेवलं तर त्याची ऑइलची टाकी खालच्या आडव्या बीमला टेकली. टाकी टेकू नये म्हणून इंजिन वर घेतलं तर बॉनेट लागेना. बॉनेट लागावं म्हणून इंजिन मागं घेतलं तर शाफ्ट लांब झाला. शाफ्ट कापून आणला तर रेडिएटरचा पंखा पुढं अंतर पडून हवेतच फिरायला लागला. मग रेडिएटर मागं घेतला, तर टर्बोची हवा गार करणारा जो इंटरकूलर असतो त्याला जागा उरली नाही. तो धाकट्यानं हातात धरून गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. कुणीतरी म्हणालं, "टपावर ठेवा, पानीबी थंड राह्यते." मला त्यात सून आल्यावर घरात होते ती हलवाहलव आठवली. आलेली असते एक, पण कपाट, पलंग, देवघर, सासऱ्याची खुर्ची, सगळ्यांच्या जागा बदलतात.

आणि वायरी. जुन्या इंजिनाला विजेचं काम दोनच: आधी हीटर गरम करायचे आणि मग स्टार्टर फिरवायचा. पुढं ते बॅटरीला विचारतही नाही. त्याचा डिझेल पंप दात्यांवर फिरतो, आणि पेडलपासून निघालेली एक लोखंडी केबल पंपाचा कान ओढते. नव्या इंजिनात पेडल काही ओढत नाही. पेडल फक्त एका डब्याला कळवतं की साहेबांनी पाय दाबला आहे. डबा हवा किती, पाणी किती गरम, क्रँक कुठवर फिरला हे सगळ्यांकडून विचारून घेतो आणि मग नोजलला परवानगी देतो. डब्याचं नाव ईसीएम. बाबा म्हणाले, "म्हणजे हा गटसचिव." पहिल्यांदा त्यांना त्या इंजिनाबद्दल आपुलकी वाटली.

त्या डब्यातून निघणाऱ्या वायरींचा जुडगा केरसुणीएवढा जाड होता. धाकट्यानं तो अंगणातल्या कपडे वाळवायच्या दोरीवर पसरला आणि शाळेच्या वहीची पानं फाडून एकेका वायरीला चिठ्ठी बांधली: "हिरवा-पांढरा, पेडल एक", "तपकिरी, पाणी", "काळा-लाल, माहीत नाही, महत्त्वाचा वाटते". एकशे अकरा चिठ्ठ्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, नवसाच्या झाडाला कागद बांधलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं सवयीनं त्याच दोरीवर ओलं लुगडं टाकलं. निळी शाई. लुगड्याला नक्षी छान आली. दोरीवर मात्र एकच चिठ्ठी वाचता येत होती, "माहीत नाही, महत्त्वाचा वाटते."

यानंतर गावानं इंजिनाचं नाव "मोबाइल" ठेवलं. स्क्रीन नाही, पण सगळं स्कॅनर लावल्याशिवाय उघडत नाही म्हणून. आमच्याकडे अशी नावं पडतात. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागड्यांनी धानाचं एक वाण निवडून काढलं, तर त्याचं नाव घड्याळावरून एचएमटी पडलं. तो तांदूळ सगळा देश खातो आणि वेळ कुणी विचारत नाही.

वायरी पुन्हा जुळवल्या, त्यात रोवणी संपली. सगळं जोडून चावी फिरवली तर स्टार्टरनं हूं केलं नाही. धाकट्याच्या हातातला मोबाइल म्हणाला, हे इंजिन फक्त स्वतःचीच चावी ओळखतं. चोरी होऊ नये म्हणून तशी सोय असते. चावीत एक चिप असते, डबा तिची खूण विचारतो. धाकटा बसनं नागपूरला गेला. भंगारवाला म्हणाला, "इंजन घेतलं होतं ना तुमी? चाबीचं बोलनं नोतं झालं." तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत कुणीतरी लॅपटॉपवाला भेटला, त्यानं डब्याला नवी चावी ओळखायला शिकवलं आणि पंधरा मिनिटांचे एवढे पैसे घेतले की मिस्त्रीनं रकमेचा आकडा दोनदा विचारला, आणि नंतर बराच वेळ स्वतःच्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत बसला.

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी इंजिन चालू झालं. अंगणात चाळीसेक माणसं. धाकट्यानं चावी फिरवली, जरासा कंप आला आणि पुढं काही नाही.

"लाव ना," एक जण म्हणाला.

"लागलं."

"काय लागलं?"

"इंजन. चालू हाये."

माणसं पुढं आली, वाकली, कोणी बॉनेटवर हात ठेवून बघितला. धूर नाही, खडखड नाही. एवढ्या लोकांची इतकी निराशा मी नाटकाचा जनरेटर बंद पडला तेव्हाच पाहिली होती. जुन्या इंजिनाचा आवाज नहराच्या पुलावरून गाव सोडताना ऐकू यायचा. घरी परतताना तर आई त्या आवाजावर भाकर टाकायची. बाबा ओट्यावरून म्हणाले, "तुमी आले हे आता घरात कसं समजन?"

मग गाडी हलली. गोठ्यापासून फाटकापर्यंत नव्वद फूट. १४० घोडे त्या नव्वद फुटांत असे उधळले की फाटकाच्या अलीकडे ब्रेक लागले तेव्हा मागच्या सीटवर बसलेली तीन पोट्टी पुढच्या सीटवर होती आणि अंगणातला रांजण कलला होता. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. पिक-अप आला होता, यात शंका नाही. फाटक उघडायला मी गेलो तर बाबा फाटकाला पाठ लावून उभे. हातात आरसी बुक, प्लास्टिकच्या पिशवीत.

"यावर इंजनचा नंबर हाये," ते म्हणाले. "तो नंबर कोंड्यावर पडला हाये. मंग हे गाडीत कोन बसलं?"

आता ही गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीत असा बदल करायचा नाही की मूळच्या नोंदीशी ती जुळणार नाही. त्याच जातीचं दुसरं इंजिन नीट परवानगीनं बसवता येतं; भलतंच नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की बनवणाऱ्यानं जशी मंजूर करून घेतली, गाडी तशीच राहिली पाहिजे. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला शिक्षाही ठरवली, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. बदलामागे! बाबांनी चष्मा लावला आणि बोटावर मोजायला घेतलं. इंजिन एक. शाफ्ट दोन. रेडिएटर तीन. पेडल चार. "लुगड्याची वायर धराची का?" असं त्यांनी गंभीरपणे विचारलं.

धाकट्यानं बचाव तयार ठेवला होता. म्हणाला, इंजिन बदलणं हा तर या देशाच्या मोटारधंद्याचा कुळाचार आहे. बंगालमधल्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सनं पन्नाशीच्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डचं अंग जन्मभर तसंच ठेवलं, आणि नव्वदीत त्याच अंबॅसडरमध्ये इसुझुचं १.८ लिटरचं जपानी इंजिन टाकलं. मुंबईत प्रीमियरनं ११८ एनईच्या इटालियन अंगात निस्सानचं इंजिन घातलं. महिंद्राच्या जीपला प्यूजोचं फ्रेंच डिझेल होतं, ती जीप तर आपल्याच रस्त्यानं पळायची.

"ते कारखानदार," बाबा म्हणाले. "त्यायनं आधी कागद बदलवला, मंग इंजन."

धाकट्यानं शेवटचा पत्ता टाकला. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी लोहारकाम करणाऱ्या एका गृहस्थांनी भंगारातून चारचाकी केली, किक मारून सुरू होणारी. देशभर गाजली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं.

"देवराष्ट्रे? म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं गाव," बाबा म्हणाले. यशवंतरावांच्या नावानं ते जरा विरघळले. "मंग पुढं काय झालं?"

"ती गाडी नियमात बसत नव्हती. महिंद्रांनी ती ठेवून घेतली आणि बदल्यात त्यायले नवी बोलेरो देल्ली."

"म्हणजे शेवटी त्यालेबी कारखान्याचीच गाडी भेटली ना?"

जुन्या वाहनांसाठी २०२१ चा वेगळा नियम आहे म्हणून मीही एकदा तोंड उघडलं. पन्नास वर्षांपुढच्या खाजगी गाडीला मानाचा वेगळा नंबर मिळतो, त्यात "व्हीए" ही अक्षरं असतात. पण त्यातही अट अशी की इंजिन-चेसिसला हात लागलेला नको. आणि आमची लांबडी तिशी ओलांडून थोडीच पुढं आलेली. म्हणजे नवी नाही, मान मिळण्याइतकी जुनी नाही, आणि दर पाच वर्षांनी तपासणी. माझं स्वतःचं वय लक्षात घेता मी हा मुद्दा पुढं ताणला नाही.

दसरा असाच गेला. गाडी रोज संध्याकाळी गोठ्यापासून फाटकापर्यंत जायची आणि उलटी यायची. स्वतःच्या जागेत चालवायला कोण अडवतं? पोट्टे रांग लावून बसायचे. आईनं त्या फेरीचाही उपयोग शोधला. गोठ्यातलं शेण ती मागच्या डिकीत टोपलीनं ठेवायची आणि फाटकापाशी उतरवून घ्यायची. टर्बो, इंटरकूलर, कॉमन रेल आणि शेण.

पण दिवाळीनंतर आसपासच्या गावांत मंडई सुरू होते. मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीचा खरा सण: दिवसा जत्रा, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे. लेकी-जावयांना आणायला लांबडी लागते. मंडईला चार दिवस उरले तेव्हा धाकटा बाबांसमोर येऊन बसला. काही बोलला नाही. बाबाही बोलले नाहीत. मिस्त्रीला निरोप गेला.

मला धास्ती होती ती कापाकापीची. नव्या इंजिनासाठी जुन्या इंजिनाची फाउंडेशनं उडवली असणार, ती आता वेल्डिंग करायची म्हणजे अजून किती पाच हजार, कुणास ठाऊक. मिस्त्री गाडीखाली गेला. बराच वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते.

"मिस्त्री, जुनी फाउंडेशनं कापली ना तेव्हा?"

"मी तं कापलोच नाही जी," खालून आवाज आला. "नव्याले पट्टी लावून बोल्ट मारलो होतो. मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मी बाबाले ओळखतो."

दोन दिवसांत जुनं इंजिन जागेवर बसलं. व्हिडिओ नाही, चिठ्ठ्या नाहीत. कोंड्यातून उचललं, पुसलं, बसवलं. शाफ्टचं काय केलं? जुना शाफ्ट मिस्त्रीनं स्वतःच्या घरी खाटेखाली ठेवला होता. कापून आणलेला तो दुसऱ्याच गाडीचा होता, असं तेव्हा कळलं. हीटर गरम केले, चावी फिरवली, आणि अर्ध्या फेरीत लांबडीनं जो खोकला काढला त्यानं कडुनिंबावरचे कावळे उडाले. मागून काळा लोट. अंगण टाळ्यांनी दणाणलं. आई आत भाकर टाकायला गेली, गाडी कुठंच जाऊन आलेली नसताना.

मंडईत लांबडी तीन दिवस फिरली. पिक-अप अर्थातच नव्हता.

नवं इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. धूळ आत जाऊ नये म्हणून धाकट्यानं सगळ्या तोंडांमध्ये तणीस कोंबली आणि वरूनही तणसाचा थर दिला. परवा तो ताडपत्री उचलून बघायला गेला. त्याच्या डोक्यात आता नवी योजना आहे. हे इंजिन ट्रॉलीवर बसवून धानाच्या मळणीयंत्राला जोडायचं, त्याला आरसी लागत नाही. ताडपत्री उचलली तर इंजिनाच्या माथ्यावर, सिलिंडर एक आणि दोनच्या मधल्या खळग्यात, आईची तांबडी कोंबडी अंग फुगवून बसलेली. खाली नऊ अंडी. ती धाकट्याच्या हाताला चोचीनं असं मारायला धावली की त्यानं ताडपत्री सोडून दिली.

"हात लावशील तं पाय," आई चुलीपासून म्हणाली. "एकवीस दिवस. कालच बसली हाये."

धाकटा आता व्हिडिओ बघतो आहे. मळणीयंत्राचे.